सांगूनही रुग्ण का येत नाहीत?
वर्तनशास्त्र व आरोग्यसंवर्धन या विषयातील पीएच.डी. संशोधनाची ओळख



संस्थेच्या वार्षिक अहवालात दरवर्षी एक अभ्यासलेख देण्याचा प्रघात आहे. आजवर मधुमेह, नेत्रदान, रक्तदान, गरोदर मातांची तपासणी अशा विषयांवर आमच्या डॉक्टर मंडळींनी या पानांवर लिहिले. यंदा लेखणी प्रशासनाच्या हाती आली आहे, त्यास एक निमित्त घडले. मागील वार्षिक सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी विचारणा केली की, पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीस रुग्णालयात बसण्यास जागा, गावोगाव जाण्यायेण्याचा खर्च आणि नोंदी पाहण्याची मुभा संस्थेने कशासाठी दिली? त्या डॉक्टर नाहीत, परिचारिका नाहीत. त्या रुग्णांशी केवळ बोलतात. तेवढ्या रकमेत रक्तदाब मोजण्याची काही यंत्रे खरेदी करता आली असती.

प्रश्न रास्त होता. सभेत आम्ही दिलेले उत्तर मात्र मोघम होते, कारण त्या वेळी आम्हालाही पुरते उत्तर ठाऊक नव्हते. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आमची उभी नोकरी खतावणी, पावतीपुस्तके आणि साठा-नोंदवह्या यांत गेली. तेव्हा प्रस्तुत लेख या विषयाच्या अधिकारी व्यक्तीचा नसून, तो उशिरा आणि काहीसा खंत वाटून ज्यांना समजला त्यांचा आहे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

विषय कशाचा आहे?

वैद्यकशास्त्र रोगाचा अभ्यास करते. वर्तनशास्त्र माणसाच्या वागण्याचा. माणूस एखादी गोष्ट जाणत असूनही ती का करीत नाही, एकदा सुरू केलेली गोष्ट मध्येच का सोडतो, शेजारी काय करतात याचा त्याच्यावर किती परिणाम होतो, अशा प्रश्नांचा विचार मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र यांच्या आधारे येथे केला जातो. हा विचार आरोग्याच्या कामी लावला म्हणजे तो आरोग्यसंवर्धनाचा पाया होतो.

आरोग्यसंवर्धन म्हणजे केवळ आरोग्यशिक्षण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने १९८६ साली कॅनडातील ओटावा येथे या विषयावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तेथे मान्य झालेल्या सनदेत कार्याच्या पाच दिशा सांगितल्या आहेत. आरोग्यास पोषक अशी सार्वजनिक धोरणे आखणे, भोवतालची परिस्थिती अनुकूल करणे, लोकसमूहाच्या स्वतःच्या कृतीला बळ देणे, व्यक्तीची माहिती व कौशल्ये वाढविणे आणि आरोग्यसेवेची घडी नव्याने बसविणे, अशा त्या पाच दिशा होत. आमचे रुग्णालय आजवर पत्रके छापीत आले, व्याख्याने ठेवीत आले, शिबिरांत ध्वनिवर्धकावरून सूचना देत आले. हे सारे काम चौथ्या दिशेतील आहे. पाचव्या दिशेकडे, म्हणजे आमच्या स्वतःच्या खिडक्या, वेळा आणि नियम यांच्याकडे, आम्ही आरोग्यसंवर्धनाचा भाग म्हणून कधीच पाहिले नव्हते. या लेखातील मुख्य मुद्दा तोच आहे.

पदवीचा मार्ग

या क्षेत्रातील संशोधक मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, बंगळुरूची निम्हान्स, तिरुअनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेचे अच्युत मेनन केंद्र अशा ठिकाणी, तसेच अनेक विद्यापीठांच्या समाजशास्त्र, मानसशास्त्र व समाजकार्य या विभागांत आढळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा कालावधी किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांचा असतो. आरंभी संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यानंतर विषयाचा आराखडा विद्यापीठापुढे मांडून मान्य करून घ्यावा लागतो. मग क्षेत्रकार्य, माहितीचे विश्लेषण, प्रबंधलेखन आणि शेवटी तज्ज्ञांसमोर मौखिक परीक्षा असा क्रम असतो.

यातील एक पायरी आमच्या वाचकांनी विशेष जाणून घ्यावी अशी आहे. ज्या संशोधनात माणसांशी संबंध येतो, त्याला नीतिविषयक समितीची पूर्वमान्यता लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली याबाबत सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार अशा समितीत केवळ डॉक्टर असून चालत नाही. कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा जाणकार आणि सामान्य नागरिकांचा प्रतिनिधीही असावा लागतो. रुग्णाला त्याच्या भाषेत माहिती देऊन संमती घ्यावी लागते, आणि नकार दिल्यास त्याच्या उपचारात कोणताही फरक पडणार नाही, हे स्पष्ट सांगावे लागते.

याचा प्रत्यय आम्हाला लवकरच आला. काही रुग्णांनी एका विभागातील वागणुकीबद्दल नाराजी व्यक्त केल्याचे कानी आल्यावर आम्ही विद्यार्थिनीस बोलावून, कोण रुग्ण आणि कोणत्या कर्मचाऱ्याविषयी बोलले, याची यादी मागितली. त्यांनी नम्रपणे, परंतु ठामपणे नकार दिला. ‘‘ती नावे मी माझ्या मार्गदर्शकांनाही देत नाही, साहेब. नाव बाहेर येणार नाही, या शब्दावर ती माणसे बोलली आहेत,’’ असे त्या म्हणाल्या. आमच्या खोलीत आम्हाला नकार ऐकण्याची सवय नाही. त्या दिवशी थोडा राग आला, हे कबूल केले पाहिजे. पुढे लक्षात आले, की तो नकार नसता तर रुग्ण त्यांच्याशी खरे बोललेच नसते.

पूर्वसूरींचे तीन अभ्यास

विद्यार्थिनीने आम्हास वाचावयास दिलेल्या साहित्यातील तीन अभ्यास येथे थोडक्यात देत आहोत. देणगीदारांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांत बरेचसे सापडते.

पहिला अभ्यास अमेरिकेतील आहे. तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेने क्षयरोग लवकर ओळखता यावा म्हणून छातीच्या क्ष-किरण तपासणीची मोफत सोय केली होती. फिरती वाहने वस्त्यांपर्यंत जात होती. तरीही पुष्कळ लोक येत नव्हते. याचे कारण शोधण्यासाठी गॉडफ्रे हॉकबाऊम या मानसशास्त्रज्ञाने १९५२ साली बोस्टन, क्लीव्हलँड आणि डेट्रॉइट या तीन शहरांतील हजारांहून अधिक प्रौढांच्या मुलाखतींचा अभ्यास केला. तो १९५८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन समजुतींना महत्त्व असल्याचे दिसले. एक, हा रोग मलाही होऊ शकतो आणि लक्षणे नसतानाही असू शकतो. दुसरी, तो लवकर कळला तर माझा फायदा आहे. या दोन्ही समजुती ज्यांच्या ठायी होत्या, त्यांपैकी ८२ टक्के लोकांनी आपणहून क्ष-किरण तपासणी करून घेतली होती. दोन्ही नसलेल्यांत हे प्रमाण अवघे २१ टक्के होते. या व अशा कामातून पुढे जे प्रारूप तयार झाले, ते ‘हेल्थ बिलीफ मॉडेल’ या नावाने आजही शिकविले जाते. आपल्याला धोका किती वाटतो, रोग किती गंभीर वाटतो, उपायाचा लाभ काय वाटतो आणि त्यात अडचणी कोणत्या वाटतात, या चार गोष्टींवर माणसाची कृती अवलंबून असते, असे त्याचे सार आहे. तपासणी मोफत होती, दाराशी होती, तरीही ती पुरेशी नव्हती, हा त्यातील धडा.

दुसरा अभ्यास आपल्या देशातील, आणि आमच्या मते अधिक मोलाचा आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील डॉ. देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत तो केला आणि १९६३ साली तो जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खेड्यातील माणूस अडाणी असतो, त्याला रोगाची जाणीव नसते, म्हणून आपणच घरोघर जाऊन रोगी शोधले पाहिजेत, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. या अभ्यासकांनी गावातील सर्वेक्षणात सापडलेल्या क्षयरुग्णांनाच विचारले, की तुम्हाला काही त्रास जाणवत होता काय, आणि तुम्ही काय केले? असे आढळले की बहुसंख्य रुग्णांना आपली लक्षणे चांगली ठाऊक होती. सुमारे निम्मे तर आधीच दवाखान्याची पायरी चढून आले होते. तेथे त्यांची थुंकी तपासली गेली नव्हती. बहुतेकांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठविले गेले होते.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो. रुग्ण येत नव्हता, ही समजूतच चुकीची होती. रुग्ण आला होता. संस्थेने त्याला ओळखले नव्हते. १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची आखणी करताना या संशोधनाचा उपयोग झाला. खोकला घेऊन आपणहून येणाऱ्या रुग्णाची थुंकी जवळच्या सर्वसाधारण दवाखान्यातच तपासावी, हे तत्त्व त्यात आले. एका प्रश्नावलीने राष्ट्रीय धोरणास दिशा दिल्याचे हे उदाहरण आहे.

तिसरा अभ्यास एका पीएच.डी. प्रबंधापासून सुरू झाला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड विद्यापीठात कार्लो डिक्लेमेंटे यांनी जेम्स प्रोचास्का यांच्या मार्गदर्शनाखाली धूम्रपान सोडणाऱ्यांवर संशोधन करून १९७८ साली पदवी मिळविली. या गुरुशिष्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वतःच्या प्रयत्नाने धूम्रपान सोडू पाहणारे ८७२ लोक होते. व्यसन सोडणे ही एका दिवसात घडणारी गोष्ट नसून तिच्या पायऱ्या असतात, असे त्यांनी मांडले. विचारच नसणे, विचार सुरू होणे, कृती करणे, ती टिकविणे आणि पुष्कळदा पुन्हा मागे घसरणे, असा तो प्रवास आहे. या प्रारूपावर पुढे टीकाही झाली. पायऱ्यांमधील सीमारेषा कृत्रिम आहेत आणि प्रत्येक पायरीनुसार वेगळा सल्ला दिल्याने नक्की अधिक लाभ होतो असे सर्वत्र सिद्ध झालेले नाही, असे आक्षेप आहेत. तथापि त्यातील एक गोष्ट रुग्णालयातील प्रत्येक कर्मचाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. मागे घसरणारा माणूस खोटारडा नसतो. तो वाटेवर असतो.

महाराष्ट्रात या गोष्टीचे महत्त्व आगळे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होते, आणि त्यांत बिडी-सिगारेटपेक्षा चघळण्याच्या तंबाखूचे प्रमाण कितीतरी अधिक होते. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, ही ओटावा सनदेतील पहिल्या दिशेची कृती झाली. परंतु पहाटे चुलीजवळ बसून दातांना मिश्री लावणाऱ्या माउलीला आपण तंबाखूचे सेवन करतो असे वाटतच नाही. ‘‘तंबाखू खाता काय?’’ या आमच्या केसपेपरवरील प्रश्नाला ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. प्रश्नच चुकला, तर उत्तर कसे बरोबर येणार? विद्यार्थिनीच्या सूचनेवरून आता केसपेपरवर मिश्रीचा वेगळा उल्लेख केला आहे.

आमच्या रुग्णालयातील अनुभव

विद्यार्थिनीचा विषय असा होता: शिबिरात उच्च रक्तदाब असल्याचे निदान झालेले रुग्ण काही महिन्यांनी उपचार का सोडतात? त्यांनी आरंभी आमचे मागील काही अहवाल चाळले. त्यांत एक वाक्य वर्षानुवर्षे जसेच्या तसे छापले जात होते. ‘रुग्णांमधील अज्ञान व उदासीनता यांमुळे पाठपुराव्यास अपेक्षित प्रतिसाद मिळत नाही.’ त्यांनी विचारले, ‘‘हे कशावरून लिहिले आहे?’’ आम्ही नोंदवही पुढे केली. ठरल्या तारखेस न आलेल्या रुग्णाच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ असा शिक्का मारण्याची पद्धत आहे. त्या म्हणाल्या, ‘‘हे ते आले नाहीत एवढेच सांगते. का आले नाहीत, ते यात कुठे आहे?’’ ते वाक्य आम्हीच कित्येक वर्षांपूर्वी लिहिले होते. त्याला आधार कोणताच नव्हता.

त्यानंतर त्या एस.टी.ने रुग्णांच्या गावी जाऊ लागल्या. शेतात खुरपणी चालू असताना बांधावर बसून, दुपारी ओसरीवर, बाजाराच्या दिवशी थांब्यावर त्या बोलल्या. प्रबंध अद्याप विद्यापीठास सादर व्हावयाचा असल्याने त्यातील आकडे येथे देणे उचित होणार नाही. परंतु एक कहाणी त्या कुटुंबाने स्वतःहून आम्हाला सांगितली आणि नाव न देता लिहिण्यास अनुमती दिली, म्हणून ती येथे देत आहोत.

साठीच्या घरातील एक रुग्णभगिनी आमच्याच शिबिरात तपासल्या गेल्या होत्या. रक्तदाब बराच वाढलेला होता. त्या पहिल्या काही वेळा नियमित आल्या, नंतर येईनाशा झाल्या. नोंदवहीत शिक्का पडला. काही महिन्यांनी त्यांना पक्षाघात झालेल्या अवस्थेत आमच्याच दारी आणले गेले. उजवा हात व पाय गेला होता, वाचाही गेली होती. प्राण वाचले. आज त्या आधाराने काही पावले चालतात, मात्र बोलणे पुरते परतलेले नाही.

त्यांच्या सूनबाईंनी सांगितले ते असे. गावाहून येणारी पहिली एस.टी. अकराच्या सुमारास पोहोचते. केसपेपर काढून, रांगेत बसून डॉक्टरांनी तपासेपर्यंत साडेबारा वाजून जातात. औषधाच्या खिडकीवर पैसे भरल्याची पावती दाखवावी लागते, आणि पैसे भरण्याची खिडकी साडेबाराला बंद होते. त्या दोनदा गोळ्यांविना परत गेल्या. मिळाल्या तेव्हाही पंधरा दिवसांच्याच मिळाल्या, म्हणजे महिन्यातून दोन दिवसांची मजुरी बुडाली. ‘‘गोळी महाग नव्हती हो साहेब,’’ त्या म्हणाल्या, ‘‘गोळीपायी मोडणारा दिवस महाग होता.’’

पैसे भरण्याची खिडकी साडेबाराला बंद करण्याचा निर्णय आमचा होता. दिवसाची रोकड जुळवून दुपारच्या आत बँकेत भरणा व्हावा, हा हेतू. पंधरा दिवसांहून अधिक गोळ्या देऊ नयेत, हाही नियम आमचाच. साठ्याचा हिशेब चोख राहावा आणि औषधे वाया जाऊ नयेत म्हणून तो केला होता. लेखापरीक्षकांनी त्या व्यवस्थेबद्दल चांगला शेरा दिला होता आणि तो आम्ही मोठ्या समाधानाने विश्वस्तांपुढे वाचून दाखविला होता. पक्षाघातास अनेक कारणे असतात आणि तो केवळ या नियमामुळे झाला असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. तथापि त्या माउली आमच्या दारापर्यंत दोनदा येऊन रिकाम्या हाताने परत गेल्या, आणि आमच्या वहीत त्यांच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ असा शिक्का आहे. तुमकूरच्या अभ्यासातील खोकल्याच्या बाटलीहून हे निराळे नाही.

काय बदलले, काय बदलले नाही

विश्वस्त मंडळाच्या मान्यतेने पैसे भरण्याची खिडकी आता दुपारी अडीचपर्यंत उघडी राहते. रोकड दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जाते; तोवर ती तिजोरीत राहते आणि दोघांच्या सहीने मोजली जाते. रक्तदाब स्थिर असलेल्या रुग्णांना डॉक्टरांच्या सल्ल्याने तीस दिवसांच्या गोळ्या दिल्या जातात. बाजाराच्या दिवशी पाठपुराव्याच्या रुग्णांसाठी वेगळी रांग असते, जेणेकरून एकाच फेरीत बाजार आणि दवाखाना दोन्ही उरकावे. ‘अनुपस्थित’ हा शिक्का काढून टाकला असून त्या जागी ‘कारण’ असा रकाना आखला आहे. या सर्वांस लागलेला खर्च नगण्य आहे.

यात आमची कोणतीही मौलिक कल्पना नाही. देशात २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात, म्हणजे पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगण आणि महाराष्ट्र या राज्यांतील काही जिल्ह्यांतून आरंभ झालेल्या कामात, एकसारखी सोपी उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा, निदान तीस दिवसांच्या गोळ्या आणि घराजवळ सेवा, याच गोष्टींवर भर दिलेला आहे. शेजारच्या अंगणात असलेले शहाणपण आम्हाला एका विद्यार्थिनीच्या हातून कळावे लागले.

मात्र सर्व काही सुरळीत झाले, असे म्हणणे असत्य ठरेल. काही रुग्ण अजूनही येत नाहीत. एखाद्याला काहीच त्रास होत नसतो. मग गोळी कशासाठी, असे त्याला वाटते. हॉकबाऊमच्या अभ्यासातील ‘लक्षणे नसतानाही रोग असू शकतो’ ही समजूत येथे पोहोचलेली नाही. एखाद्याला वाटते की गोळी एकदा सुरू केली की ती जन्माची मागे लागते, म्हणून सुरूच न केलेली बरी. यावर आमच्या पत्रकात एक ओळही नव्हती. ‘औषधे नियमित घ्या’ असे त्यात ठळक अक्षरांत होते, परंतु वाचणाऱ्याच्या मनातील शंकेला उत्तर नव्हते. नवे पत्रक आता रुग्णांच्याच प्रश्नांवरून तयार होत असून ते छापण्यापूर्वी दहा-वीस रुग्णांना वाचून दाखविले जाईल, आणि त्यांना काय समजले ते त्यांच्याच शब्दांत विचारले जाईल.

या बदलांमुळे किती रुग्ण टिकले, हे सांगण्याची घाई करू नये, असे विद्यार्थिनीने आम्हास बजावले आहे. सुगीच्या दिवसांत आणि पावसाळ्यात उपस्थिती आपोआप कमी-अधिक होते. तेव्हा निदान एक पूर्ण वर्ष पाहिल्यावाचून निष्कर्ष काढू नये, असे त्यांचे म्हणणे आहे. हिशेबाच्या भाषेत बोलायचे, तर वर्षअखेरीआधी ताळेबंद मांडता येत नाही. हे आम्हाला चटकन पटले.

देणगीदारांना विनंती

यंत्र दिसते, त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. अभ्यास दिसत नाही. म्हणून त्यास साहाय्य करताना देणगीदारांनी आम्हाला जरूर प्रश्न विचारावेत. आमच्या मते ते चार असावेत. संशोधनास नीतिविषयक समितीची मान्यता आहे काय? रुग्णांची संमती घेतली जाते आणि त्यांची नावे गुप्त राहतात काय? निष्कर्ष रुग्णालयास गैरसोयीचे निघाले, तरी ते मांडण्याची संशोधकास मुभा आहे काय? आणि प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जाण्यापूर्वी त्यातील काय अमलात येणार आहे? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

ज्येष्ठ देणगीदारांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर आता असे आहे. रक्तदाब मोजणारी यंत्रे आमच्याकडे होती आणि त्या माउलींचा रक्तदाब त्यांनी अचूक मोजला होता. उणीव यंत्राची नव्हती. उणीव कोठे आहे हे सांगणाऱ्या माणसाची होती, आणि ते ऐकून घेण्याची आमची तयारी नव्हती. यंत्रांची गरज आजही आहेच. त्यासाठीचे आवाहन याच अहवालात अन्यत्र आहे. परंतु यंत्र आणि रुग्ण यांच्यामध्ये जी वाट आहे, तीत कोणती खिडकी किती वाजता बंद होते, हे पाहणारे कोणी तरी असले पाहिजे.

रुग्णांच्या आप्तेष्टांना एक सांगणे आहे. आपल्या घरी रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी कोणी सोडली असेल, तर त्यांना रागे भरू नका. का सोडली ते शांतपणे विचारा आणि आम्हाला येऊन सांगा. कारण आमच्याकडचे असले, तर तेही निःसंकोच सांगा. ते लिहून घेण्यासाठी आता रकाना आहे. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा २०१६ पासून चालू आहे. एकदा सोडून पुन्हा सुरू झाली असली, तरी संकोच न करता पुन्हा दूरध्वनी करावा.

विद्यार्थिनीचा प्रबंध येत्या काळात विद्यापीठास सादर होईल. तो मान्य होताच त्याचा मराठी सारांश, आमच्या विरोधात जाणाऱ्या भागासह, पुढील अहवालात छापण्याचे विश्वस्त मंडळाने मान्य केले आहे. ‘अज्ञान व उदासीनता’ हे वाक्य यंदाच्या अहवालातून आम्ही वगळले आहे.



आपला नम्र,
व्यवस्थापक, रुग्णालय प्रशासन